रनिंगचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जिवंत ठेवायचा असेल तर (खास आपल्या खान्देशातल्या हौशी रनर मंडळींसाठी)

ग्रुप काढणं सोपंय, पाच मिनिटांचं काम. नाव ठेवलं, डीपीला बुटाचा फोटो लावला, ओळखीच्या चार जणांना ॲड केलं, त्यांनी अजून चार. पहिला महिना धडाक्यात जातो. मग हळूहळू काय होतं ते सगळ्यांना माहितीये, रोज तेच पाच-सहा जण रनिंग ॲपचा स्क्रीनशॉट टाकतात, तेच पाच-सहा जण अंगठा देतात, बाकीचे म्यूट करून बसतात आणि दिवाळीपर्यंत ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो आणि कोणाच्या तरी प्लॉटची जाहिरात. तर हे होऊ नये म्हणून काय करता येतं ते लिहितोय. पळायचं कसं हे शिकवणारे भरपूर आहेत, इथे विषय एवढाच की एकमेकांना पळतं ठेवायचं कसं.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे असा ग्रुप कशाला लागतो. पुण्या-मुंबईत सकाळी खाली उतरलं की दहा जण पळताना दिसतात. आपल्याकडे शहाद्याजवळच्या एखाद्या गावातला चाळीशीतला शिक्षक रस्त्यावर पळायला लागला की पहिला प्रश्न येतो, "काय सर, पोलीस भरती का?" आणि दुसरा, "शुगर निघाली का?" बाई पळत असेल तर कोणी प्रश्नसुद्धा विचारत नाही, नुसतं बघत बसतात, ते जास्त त्रासाचं. म्हणजे आपला बहुतेक मेंबर एकटा पळतो. एक जण शिरपूरला, एक चाळीसगावला, एक भुसावळला रेल्वेत, त्याची ड्युटी कधी सुटेल त्याचा नेम नाही म्हणून तो कधी दुपारी चारला तर कधी रात्री पळतो, दोन-तीन जण तर सुरतला कामाला आहेत. यांना रोज एकत्र आणणं शक्यच नाही. त्यांचा सोबती म्हणजे तो फोन. म्हणून फोनवर आपण काय लिहितो याला एवढं महत्त्व.

स्क्रीनशॉटखाली काय लिहायचं

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

समजा एका ताईंनी टाकलं, ३.२ किमी, पेस (म्हणजे एका किमीला लागलेला वेळ) ९:४० चा. खाली धडाधड नऊ अंगठे, दोन "मस्त", एक "कीप इट अप". यातल्या एकानेही तो स्क्रीनशॉट उघडून पाहिलेला नसतो, आणि टाकणाऱ्याला ते बरोबर कळतं. आता तोच स्क्रीनशॉट जरा मोठा करून बघा. खाली किमीप्रमाणे वेळ दिलेली असते. पहिला किमी १०:२०, दुसरा ९:३५, तिसरा ९:०५. म्हणजे ताई हळू सुरू झाल्या आणि शेवटाला वेग वाढवला, जे भल्याभल्यांना जमत नाही, बहुतेक जण पहिल्या किमीतच दम घालवतात. मग लिहायचं काय? "ताई, तिसरा किमी पहिल्यापेक्षा सव्वा मिनिटाने फास्ट आलाय, मुद्दाम हळू सुरू केलं होतं का?" बस एवढंच. कौतुकही झालं, ताईंना उत्तर द्यायला जागाही मिळाली, त्या दोन ओळी लिहितात, तिसरा कोणीतरी विचारतो मलाही असं करायचंय कसं करू, आणि बघता बघता ग्रुप बोलायला लागतो. अंगठ्याला कोणी उत्तर देत नाही हो.

त्यातही जुनं आठवून लिहिलं तर फारच छान. "मागच्या रविवारी तू त्या पुलापाशी थांबला होता, आज थांबला नाही वाटतं?" याचा अर्थ समोरच्याला असा पोचतो की मागच्या रविवारीही कोणीतरी आपलं वाचलं होतं.

काय लिहायचं नाही तेही सांगतो. दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटखाली आपला आकडा टाकायचा नाही. कोणी पहिल्यांदा ५ किमी न थांबता पळाला आणि खाली लगेच कोणीतरी "छान, मी पण आज १४ मारले", अरे भो, तुझे १४ तुझ्या पोस्टमध्ये टाक ना, तिथे आम्ही वाचू की. वाईट हेतू नसतो, मान्य, पण त्या नवीन माणसाचा फुगा तिथेच फुटतो आणि तो परत काही टाकत नाही. दुसरं म्हणजे "फक्त". "फक्त ३ किमी?" हा शब्द ग्रुपच्या नियमात लिहूनच बंद करून टाका, आणि मेंबरने स्वतःबद्दल लिहिला तरी टोका. "आज फक्त २ झाले" असं कोणी टाकलं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे, "फक्त खोडा, परत टाका."

आणि मंडळी, मराठीत लिहा. अहिराणी येत असेल तर अहिराणीत लिहा. "यू आर अ चॅम्पियन" वाचून काही होत नाही, पण "पय भो पय, मी शे तुना मांगे" (पळ भाऊ पळ, मी आहे तुझ्या मागे) असं आलं की माणूस हसतो आणि बूट घालतो. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांना दोन दिवसांत येते, काळजी नको. वयाने मोठ्या मेंबरना नाना, आप्पा, बापू जे घरी चालतं तेच चालवा. ग्रुपवर सगळ्यांना "सर" म्हणायला लागलं की ते ऑफिस होतं.

जो दिसत नाही त्याचं काय

रोज टाकणाऱ्याला प्रोत्साहन द्यायला काय लागतं, तो पळणारच आहे. खरं काम आहे ते तीन आठवडे गप्प असलेल्याचं. आणि इथे लोक काय करतात, तर भर ग्रुपवर टॅग करून "काय शेठ, गायब? आळस?" त्या माणसाच्या घरी काय चालू आहे आपल्याला काय माहिती. कोणाची कापूस वेचणी चालू असते, मजूर मिळत नाहीत म्हणून घरचे सगळे शेतात. कोणाच्या केळीची कापणी असते आणि व्यापाऱ्याची गाडी पहाटेच येऊन उभी. लग्नसराई, मुलाची बारावी, कोणाकडे दुःखद घटना. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तर अर्धा महिला ग्रुप माहेरी असतो आणि असायलाच पाहिजे. त्यात चारचौघात आळशी म्हटलं की तो हळूच ग्रुप सोडतो, आणि सोडताना कोणी विचारतही नाही का सोडला.

म्हणून नियम असा की न दिसणाऱ्याला पर्सनल मेसेज करायचा, आणि त्यात रनिंगची चौकशी शेवटी. आधी घरचं विचारा. आणि बोलावणं करायचं तर मोघम करू नका. "ये रे परत कधीतरी" याला "हो हो" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "उद्या साडेपाचला मेहरूण तलावावर आहे, माझा रिकव्हरीचा दिवस आहे, चालणारच आहे नुसतं, येतो का?" यात वेळ आहे, जागा आहे, आणि मुख्य म्हणजे चालायचंय हे आधीच सांगितलंय, म्हणजे तीन आठवड्यांच्या गॅपनंतर आपला दम निघेल ही लाज नाही. बंद पडलेला माणूस बहुतेक वेळा लाजेमुळे परत येत नसतो, दमामुळे नाही. तो दुसऱ्या गावात असेल तर तेच फोनवर करा, तो त्याच्या रस्त्याला तू तुझ्या, वीस मिनिटं कॉल चालू ठेवून दोघं चाला. ऐकायला येडपट वाटतं पण करून बघा.

नको म्हटला तर नको. परत पंधरा दिवसांनी विचारा. मागे लागू नका, वसुली नाहीये ती.

हळू पळणाऱ्यांचा मान

ग्रुपचा रंग तिथला सगळ्यात फास्ट मेंबर ठरवत नाही, सगळ्यात हळू पळणाऱ्याशी बाकीचे कसे वागतात त्यावर तो ठरतो, हे माझं पक्कं मत आहे. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाका की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर वेग जास्त आहे, कमी कर. घड्याळ नको, ठोके मोजायचा पट्टा नको, बोलून बघायचं. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. जगभर नवशिक्यांना ५ किमीपर्यंत नेणारे जे नऊ आठवड्यांचे प्लॅन चालतात त्यातही पळणं-चालणं असंच मिसळलेलं असतं, त्यात कमीपणा कसला.

बाहेरच्या देशात याची दोन फार चांगली उदाहरणं आहेत आणि दोन्ही आपल्याला फुकटात उचलता येतात. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जणांनी ५ किमीची एक रन सुरू केली, तीच पुढे पार्करन म्हणून अनेक देशांत पसरली. तिथे दर शनिवारी एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यात शेवटी चालतो, त्यामुळे भाग घेणाऱ्यांपैकी कोणीच शेवटचा येत नाही, शेवटचा नंबर कायम त्या स्वयंसेवकाचा. दुसरं दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन, १९२१ पासून चालू असलेली, जवळपास ८८-९० किमीची, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीत सुरू झालेली. तिथे अनुभवी रनर आपल्यामागे मोठा घोळका घेऊन ठरलेल्या वेळेत पळतो, कुठे चालायचं कुठे पळायचं तोच ओरडून सांगतो, गाणी म्हणत जातात, याला ते लोक बस म्हणतात. ओळख ना पाळख, बसमध्ये चढायचं. आपल्या रविवारच्या रनला हे दोन्ही करा. एक बस ठेवा हळूवाली, ड्रायव्हर दर आठवड्याला वेगळा, आणि एक जण कायम शेवटी. हा शेवटचा माणूस ग्रुपमधला फास्ट मेंबर असला तर अजून उत्तम, महिन्यातून एकदा त्यालाही कळू दे मागे काय काय गप्पा चालतात.

उन्हाळ्यात प्रोत्साहन म्हणजे अडवणं

हा भाग नीट वाचा. मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत जळगाव-भुसावळ पट्ट्यात काय ऊन असतं ते मी सांगायला नको, मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो आणि रात्रीही भिंती तापलेल्याच. या दिवसांत "होऊन जाईल भाऊ, सोडू नको" असा मेसेज म्हणजे एखाद्याला दवाखान्यात पाठवणं आहे. उन्हाळ्यात ग्रुपची भाषाच बदला. किमी मोजू नका, मिनिटं मोजा. पेस टाकायचा नाही असं सरळ ठरवून टाका, कारण गरमीत त्याच वेगाला छातीचे ठोके जास्त पडतात, शरीराला अंग थंड ठेवायचंही काम असतं. शरीराला गरमीची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस तरी हात आखडता घ्या. पहाटे पाचच्या आत निघा, सात वाजता घरी. आणि कोणी सलग इतक्या दिवसांचा स्ट्रीक वगैरे चालवत असेल तर त्याला सगळ्यांनी मिळून एक दिवस सुट्टी घ्यायला लावा आणि त्या सुट्टीचं कौतुक करा. त्या दिवशीच्या न पळण्याला अंगठे द्या खुशाल.

सोबत पळताना कोणी अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, चिडचिड करायला लागला तर ती थकावट समजू नका. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि डोक्यावर परिणाम होतो. लगेच सावलीत, कपडे सैल, मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत अंग थंड करणं थांबवायचं नाही, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये कायम असू द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट टाकणारे महाभाग प्रत्येक ग्रुपमध्ये निघतात. आणि उलट, लांब रनला तहान नसताना नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही चांगलं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

दुखण्याचंही तसंच. "गुडघा दुखतोय" म्हटलं की ग्रुपवर बारा डॉक्टर तयार होतात, एक म्हणतो बर्फ, दुसरा म्हणतो तेल, तिसरा म्हणतो पळत राहा आपोआप जाईल. ग्रुपने एवढंच म्हणावं, पळता पळता दुखणं वाढतंय का, हाडावर बोट ठेवलं की एकाच जागी कळ येते का, लंगडतोय का? यातलं एक जरी हो असेल तर थांब आणि डॉक्टरला दाखव. पळायच्या आधी पेनकिलर घेऊन निघायचा सल्ला तर कोणी देऊच नये, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्यांचा किडनीवर भार येतो. आणि जखमी मेंबरला ग्रुपमध्ये काम द्या. घरी बसून बाकीच्यांचं वाचणं फार जड जातं, त्याला रविवारचा रूट ठरवायला लावा, पाण्याच्या टेबलवर बसवा.

थोडं सेटिंगचं

एकट्याने पळणाऱ्यांसाठी, विशेषतः ताई-वहिनींसाठी, व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन वापरा, एक तासाचं पुरतं. पण ते दोन भरवशाच्या माणसांना पाठवा, अख्ख्या ग्रुपला नको. स्ट्रावा या रनिंग ॲपवर रूटची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे ती चालू करा, नाहीतर रोज घराचा पत्ता छापल्यासारखं होतं. महिला मेंबरच्या फोटोवर कपड्यांबद्दल, वजनाबद्दल एक शब्द नको, आणि नंबर ग्रुपमधून उचलून पर्सनलवर हाय-हॅलो करणाऱ्याला पहिल्याच तक्रारीत बाहेर, मग तो कितीही फास्ट असो. यात चर्चा करायची नाही. हायवेवर पळणाऱ्यांनी समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळायचं, अंधारात चमकणारं जॅकेट, कानात हेडफोन नाही.

फॉरवर्डसाठी वेगळा ग्रुप काढा, त्याला चावडी नाव द्या, राजकारण, सोन्याचा भाव, क्रिकेट सगळं तिकडे. बंदी घातली की लोक रुसतात, जागा दिली की जातात.

रेसच्या दिवशी

आपला कोणी मुंबईला, साताऱ्याला किंवा इथल्याच एखाद्या रनला गेला असेल तर मेसेज आदल्या रात्री करा, पळताना तो फोन बघणार नाहीये. व्हॉइस नोट फार कामाला येते, घरच्या लहान पोराचा आवाज असेल तर विचारूच नका. आणि रस्त्यावर उभं राहून ओरडणार असाल तर एक विनंती, "आलंच आता, थोडंच राहिलं" असं खोटं बोलू नका. फुल मॅरेथॉनच्या ३० व्या किमीला १२ किमी राहिलेले असतात, थोडं कुठून? खरं सांगा, "पुढच्या वळणावर पाणी आहे, तिथून उतार आहे." त्या माणसाला एवढीच माहिती हवी असते. त्याचं नाव घ्या मात्र, नावाने हाक मारली की पाय उचलतो.

नंतर पहिला प्रश्न टायमिंगचा विचारू नका. कसं वाटलं, कुठे जड गेलं, काय खाल्लं हे विचारा. टायमिंग त्याला सांगायचं असेल तर तो सांगेलच, चांगलं आलं असेल तर तुम्ही अडवूनही थांबणार नाही. आणि अर्ध्यातून बाहेर पडला असेल तर त्याला "पुढच्या वेळी नक्की" असलं त्याच दिवशी ऐकवू नका. जेवला का विचारा.

महिन्यातून एकदा तरी भेटा

ऑनलाइन कितीही चांगलं चाललं तरी तोंड बघितल्याशिवाय खरी ओळख होत नाही. एका महिन्यात जळगावला मेहरूण, एका महिन्यात धुळ्याला नकाणे तलाव किंवा लळिंगचा चढ, म्हणजे प्रत्येकाला कधी ना कधी जवळ पडतं. आणि हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी ठेवा, यावर तर वादच नको. रूट असा आखा की सगळ्यांची रन त्या मळ्यातच संपेल, ५ वाले, १० वाले, २१ वाले वेगवेगळ्या वेळी निघून साधारण एकाच वेळी पोचतील. जो आधी पोचेल त्याने काड्यांवर वांगी भाजायला घ्यायची, पुढच्याने सोलायची, त्यापुढच्याने ठेचायची, हिरवी मिरची-लसूण-कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. हळू पळणारा पोचतो तेव्हा ताट तयार असतं आणि फास्टवाल्यांचे हात काळे झालेले असतात, तो हिशोब आम्हाला फार आवडतो. एक सांगतो, भरपेट भरीत खाऊन परत पळत घरी जायचा प्लॅन करू नका, गाडीची सोय ठेवा.

शेवटचं काम ॲडमिनचं. हे सगळं एकट्याने करायला गेलात तर चार महिन्यांत कंटाळाल आणि ग्रुप तुमच्यासोबत बसेल. दर महिन्याला दोन जण नेमा, एकाकडे स्क्रीनशॉट वाचून उत्तर द्यायचं काम, दुसऱ्याकडे न दिसणाऱ्यांना मेसेज करायचं. पहिलं काम बोलक्या माणसाला द्या, दुसरं शांत माणसाला, उलट दिलं तर दोन्ही फसतात. कोणाकडे काय आहे तो मेसेज पिन करा, ३० दिवसांचा पर्याय आहे त्यात, पिन निघाली की नवीन दोघं.